आईला विचारलंय का कोणी?

पत्र (थोडं छोटं केलंय):

ताई, माझी आई ७१ वर्षांची आहे. आयुष्य चुलीसमोर गेलं, तंबाखूलाही कधी हात लावला नाही, तरी सीओपीडी झाला, म्हणजे फुफ्फुसं निकामी होत जाणारा दम्यासारखा आजार. दोन वर्षं घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. यंदा दोनदा आयसीयूत होती. दुसऱ्या वेळी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला, ती नळी ओढायची म्हणून हात बांधून ठेवले होते. नऊ दिवसांनी सुटली. घरी आल्यावर एकदा मला म्हणाली, "ते परत नको गं." मी म्हटलं असं काही बोलू नकोस, बरी होशील. मागच्या आठवड्यात चेस्टच्या डॉक्टरांनी मला आणि वहिनीला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी हृदय बंद पडलं तर सीपीआर (छाती दाबून हृदय चालू करणं), व्हेंटिलेटर करायचं का ते घरी ठरवून सांगा, नको असेल तर डीएनआरचा, म्हणजे सीपीआर करू नका असा फॉर्म भरावा लागेल. दादा पुण्याला असतो, तो म्हणतो पैशाकडे बघू नका, सगळं करा, आईला असं सोडायचं नाही. वहिनी म्हणते आता हाल नकोत. मला वाटतं सही केली तर आईला मीच मारलं असं होईल. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तिला धक्का बसेल. काय करू?
— कराडहून एक मुलगी

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात डॉक्टर काय म्हणाले ते आहे, दादाचं मत आहे, वहिनीचं आहे, तुमची भीती आहे. आणि मधेच एका ओळीत आईचं मतसुद्धा आहे, "ते परत नको गं". सगळ्या पत्रात मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण नळी तिच्या घशात होती, हात तिचे बांधलेले होते, त्यामुळे व्हेंटिलेटर म्हणजे काय हे तुमच्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. आणि तिलाच केबिनच्या बाहेर ठेवून तुम्ही तिघं ठरवताय. तुम्हाला दोष देत नाहीये मी, आपल्याकडे सगळीकडे असंच चालतं, डॉक्टरही पेशंटला बाहेर बसवून नातेवाईकांना आत बोलावतात, त्यातून पेशंट म्हातारी बाई असेल तर तिला विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी बरीच वर्षं आयसीयूत सिस्टर म्हणून काम केलं आणि नंतर घरी जाऊन पेशंट बघायला लागले, दोन्हीकडे हेच बघितलं, मुलं बाहेरच्या बाकावर बसून भांडतायत आणि आत माणूस जागा आहे, त्याला सगळं कळतंय.

तेव्हा माझं सरळ म्हणणं असं की हा निर्णय तुमचा नाही, दादाचा नाही, डॉक्टरांचाही नाही. आई शुद्धीवर आहे, बोलते, तिला समजतं, मग तिला विचारा. बाकी जे लिहितेय ते ती विचारायची वेळ सोपी जावी म्हणून.

आधी हे सीपीआर काय असतं ते नीट समजून घ्या, कारण टीव्हीवर दाखवतात त्यात चार वेळा छाती दाबली की माणूस डोळे उघडतो आणि दादाच्या डोक्यात बहुतेक तेच चित्र आहे. खऱ्यात छातीच्या मधल्या हाडावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण ५ सेंटिमीटर आत जाईल इतक्या जोरात दाबतात, सोबत घशात नळी, इंजेक्शनं, लागला तर शॉक. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडणं हे त्यात नेहमीचं आहे, आणि सीओपीडीसाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर हाडं अजूनच ठिसूळ झालेली असतात. ही पद्धत १९६० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी मांडली, आणि ती आहे ज्याचं हृदय अचानक बंद पडलं त्याच्यासाठी, म्हणजे हार्ट अटॅक आला, विजेचा शॉक बसला, ऑपरेशन टेबलावर काही झालं, जिथे मूळ कारण दुरुस्त करता येतं. तिथे सीपीआर खरंच जीव वाचवतो, मी स्वतः वाचलेली माणसं बघितलीत, म्हणून सीपीआरला मी वाईट म्हणणार नाही. पण तुमच्या आईचं हृदय बंद पडलं तर ते बहुतेक फुफ्फुसं थकली, ऑक्सिजन कमी पडला, कार्बन डायऑक्साइड साठला, या सगळ्याच्या शेवटी बंद पडेल. हृदय परत चालू झालं तरी फुफ्फुसं तीच राहणार. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची आकडेवारी बघितली तर हॉस्पिटलमध्येच हृदय बंद पडलेल्या लोकांतला साधारण चौघांतला एक जण हॉस्पिटलमधून जिवंत बाहेर पडतो, आणि यात सगळे आले, तरुण, अटॅकवाले, सगळे. अनेक वर्षांचा आजार, थकलेलं शरीर असेल तर हे प्रमाण बरंच खाली येतं, आणि जे वाचतात त्यातल्या काहींच्या मेंदूला रक्त न मिळाल्याने कायमचा मार बसलेला असतो. तुमच्या आईच्या बाबतीत किती शक्यता आहे हे तिच्या डॉक्टरांना थेट विचारा, "सीपीआर केला तर ती परत घरी, आत्ता आहे तशी येईल का, तुम्हाला काय वाटतं?" असंच विचारा, गोल गोल उत्तर आलं तर परत विचारा.

आता एक गोष्ट डॉक्टरांनी घाईत एकत्र करून टाकलीय ती सुटी करते. सीपीआर वेगळा, नळीचा व्हेंटिलेटर वेगळा आणि मास्कचं मशीन, बायपॅप म्हणतात ते, त्याहून वेगळं. या तिन्हींना एकच हो किंवा एकच नाही म्हणायची गरज नाही. सीओपीडीच्या पेशंटला दम वाढून कार्बन डायऑक्साइड चढला की बायपॅपने खरंच फरक पडतो, बऱ्याच जणांना नळीची वेळ येत नाही आणि जीवही वाचतात, आणि त्यात घशात काही जात नाही, मास्क काढून दोन घोट पाणी पिता येतं, दोन शब्द बोलता येतात. त्यामुळे आई असंही म्हणू शकते की मास्क चालेल, अँटिबायोटिक चालेल, गरज पडली तर दवाखान्यात न्या, पण घशात नळी नको आणि हृदय थांबलं तर छाती दाबू नका. किंवा असंही म्हणेल की नळी एकदा अजून चालेल पण चार-पाच दिवस बघा, सुधारणा नसेल तर पुढे ओढू नका. डॉक्टर लोक असं ठराविक मुदतीचं करतात, फक्त ते आधी बोलून फाईलमध्ये लिहून घ्यावं लागतं, का ते खाली सांगते.

आणि डीएनआर लिहिलं की उपचार बंद, सिस्टर लोक बेडकडे फिरकणार नाहीत, ही भीती खूप लोकांना असते. त्या कागदाचा अर्थ एवढाच की हृदय किंवा श्वास थांबला तर सीपीआर करायचा नाही. नेब्युलायझर, ऑक्सिजन, औषधं, फिजिओ, दुखलं तर दुखण्याचं, सगळं चालू राहतं, राहायलाच पाहिजे. तरी मी सांगेन की ॲडमिट केल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरांना तोंडाने पण सांगा, की सीपीआर नकोय पण बाकी सगळं हवंय. रात्री शिफ्ट बदलली की परत सांगा. काही ठिकाणी खरंच ढिलाई होते, ते मी बघितलंय आणि त्याचा मला आजही राग येतो. आणि आईचं मत बदललं तर कधीही, अगदी त्याच दिवशी, कागद रद्द करता येतो.

आता विचारायचं कसं. धक्का बसेल म्हणताय, पण ताई, घरी ऑक्सिजन लावून बसलेल्या बाईला आपण किती आजारी आहोत हे माहीत नसतं का? बहुतेक वेळा तिला माहीत असतं, आणि तुम्हाला माहीत आहे हेही तिला माहीत असतं, आणि तुम्ही रडाल म्हणून ती गप्प असते. तिने एकदा विषय काढला आणि तुम्ही बरी होशील म्हणून तो बंद केलात, कुठलीही मुलगी तेच म्हणाली असती, पण त्यानंतर तिने परत काढला नाही हे लक्षात घ्या. आता तुम्हीच काढायचा.

सकाळी तिला जरा बरं वाटत असेल, आंघोळ-चहा झालाय, दम कमी आहे, घरात माणसं कमी आहेत अशी वेळ बघा. मरणापासून सुरुवात करू नका आणि मशीनपासूनही नको. मागच्या वेळेपासून करा. "आई, तू तेव्हा म्हणालीस ना ते परत नको, मी तुला गप्प केलं. काय झालं होतं तुला तेव्हा, सांग ना." एवढं बोला आणि थांबा. मधे बोलू नका, ती दम घेत घेत बोलेल, वेळ लागेल, रडेल कदाचित, तुम्हीपण रडाल, रडू दे. मग विचारा की परत तेवढा त्रास झाला तर डॉक्टरांना मी काय सांगू. तुला सगळ्यात भीती कशाची वाटते. घरी असावंसं वाटतं का दवाखान्यात. कशासाठी अजून थोडं सोसायची तयारी आहे, म्हणजे नातीचं लग्न आहे का, कुणाला भेटायचंय का. या उत्तरांमधून मशीनचं उत्तर आपोआप निघतं, आणि जे निघत नाही ते डॉक्टरांच्या समोर बसून काढता येतं. सगळं एका दिवसात बोलून होईल असंही नाही, दोन-तीन वेळा बसावं लागेल.

ती म्हणेल "देवाची इच्छा". आपल्या आया म्हणतातच. तेव्हा विषय सोडू नका, हळूच म्हणा, "हो आई, पण देवाने नेमकी वेळ आणली तेव्हा डॉक्टर मला विचारतील, मी काय सांगू?" ती म्हणेल "तुम्ही ठरवा", तेही एक उत्तर आहे, तिचा हक्कच आहे तो, फक्त विचारा की तुम्ही म्हणजे कोण, मी का दादा, आणि आमचं पटलं नाही तर कुणाचं ऐकायचं. आणि ती म्हणाली की मला जगायचंय, जे लागेल ते करा, नळी घाला, तर ताई तेच करायचं. वहिनीला कितीही हाल वाटले तरी. मी तुम्हाला डीएनआरकडे ढकलत नाहीये, मला फक्त उत्तर तिच्या तोंडून यायला हवंय.

घाई करा असं म्हणणार नाही पण पुढे ढकलूही नका. एकतर सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड वाढला की माणसाला गुंगी येते, बडबड करतो, तेव्हा विचारलेल्याला अर्थ नसतो, ती नीट आहे तोवरच बोलणं होईल. दुसरं कारण कायद्याचं.

आपल्याकडे उपचार थांबवण्याबद्दलचा कायदा ज्या केसने लोकांना कळला ती मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग यांची. १९७३ साली हल्ला झाला, २०१५ साली गेल्या, ती ४२ वर्षं त्या बोलू शकत नव्हत्या आणि त्यांना काय हवं होतं हे कुणालाच कधी विचारता आलं नाही. केईएमच्या नर्सेसनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. त्यांच्या केसमध्ये २०११ ला सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा काही अटींवर उपचार थांबवायला वाट ठेवली, मग कॉमन कॉज या संस्थेच्या केसमध्ये ९ मार्च २०१८ च्या निकालात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की मला कुठले उपचार नकोत. त्याला लिव्हिंग विल म्हणतात. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, मॅजिस्ट्रेटची सही वगैरे, ती जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरने साक्षांकित करायचं, आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव त्यात लिहायचं, एकापेक्षा जास्त नावंही चालतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक नगरपरिषद, महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. हे अधिकारी महाराष्ट्रात नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले होते, त्यानंतर सरकारने नेमणुका केल्या. तुमच्या नगरपरिषदेत आरोग्य विभागात विचारा, काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल कदाचित, तर जरा वर जाऊन विचारा.

पण पुढच्या ॲडमिशनला लिव्हिंग विल झालेलं नसलं तरी अडत नाही. आई शुद्धीवर असताना डॉक्टरांना स्वतः सांगू शकते की मला सीपीआर नको, नळी नको, शुद्धीतल्या माणसाला उपचार नाकारता येतात. आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये सीपीआर न करण्याबद्दल डॉक्टरांसाठी सूचना काढल्यात, त्यातही पेशंटला समजत असेल तर बोलणं पेशंटशीच करायचं आहे, घरचे त्यानंतर. अडचण येते ती एकदा नळी गेली आणि माणूस बेशुद्ध झाला की. मग व्हेंटिलेटर काढायचा तर हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं एक बोर्ड, त्यावर दुसरं बोर्ड ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेला डॉक्टर असतो, दोघांचं मत, घरच्यांची संमती, मॅजिस्ट्रेटला कळवणं, असं सगळं आहे. बऱ्याच छोट्या हॉस्पिटलांना ही पद्धत माहीतच नसते, मग ते म्हणतात आमच्या जबाबदारीवर काढणार नाही, तुम्ही सही करून घरी न्या, आणि लोक मरायला टेकलेल्या माणसाला अँब्युलन्समध्ये घालून, हाताने पंप दाबत घरी नेतात. हे फार वाईट असतं ताई, माणसासाठीपण आणि नेणाऱ्यांसाठीपण. आईचं आधी बोलून ठेवलं तर तुमच्यावर ही वेळ यायची शक्यता खूप कमी होते.

आता तुमच्या सहीबद्दल. आई स्वतः बोलली, डॉक्टरांसमोर बोलली, तर सही तिची. तिला लिहिता येत नसेल तर अंगठा. तुमची झालीच तर ती साक्षीदार म्हणून, की हो, आई असं म्हणाली. आणि ती बेशुद्ध असताना तुम्हाला सही करावी लागली तरी तुम्ही तिचं म्हणणं पोचवताय. तिला मारणारा आजार चुलीच्या धुराने चाळीस-पन्नास वर्षांत तिच्या फुफ्फुसात केलाय. तो तुमच्या पेनाने होत नाही. हे वाचून अपराधी वाटणं लगेच जाणार नाही मला माहितीय, पण ज्या घरांत पेशंटशी बोलणं झालं होतं तिथल्या मुलींना मी नंतर भेटलेय, आणि जिथे झालं नव्हतं तिथल्यांनाही, आणि या दुसऱ्या घरांतल्या मुली वर्षानुवर्षं स्वतःला विचारत राहतात की तिला काय हवं होतं.

दम लागण्याचंही बोलून घ्या, कारण "नळी नको" म्हणणाऱ्या पेशंटची खरी भीती बहुतेक वेळा ही असते की मग मी गुदमरून जाईन का. डॉक्टरांना विचारा की मास्कने भागलं नाही तर तिला आराम पडावा म्हणून काय देणार. अगदी कमी डोसमध्ये मॉर्फिनने श्वासाची तगमग कमी होते, नीट दिलं तर सुरक्षित आहे, पण सगळे डॉक्टर स्वतःहून काढत नाहीत, तुम्हाला विचारावं लागेल. चेहऱ्यावर छोट्या पंख्याची हवा, पुढे टेकून बसवणं यानेही बराच फरक पडतो. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे पेशंटचा त्रास कमी करायच्या उपचारांची सोय आहे का चौकशी करा, ती फक्त कॅन्सरवाल्यांसाठी नसते.

अजून एक, घरीच राहायचं असं ठरलं तर रात्री-अपरात्री त्रास वाढल्यावर पहिला फोन कुणाला हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, फॅमिली डॉक्टर रात्री फोन घेतील का ते आधीच विचारून ठेवा. १०८ ला फोन केलात तर ते लोक येऊन जीव वाचवायचे सगळे प्रयत्न करणार, तेच त्यांचं काम आहे, तेव्हा आईचा कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी असलेली फाईल हाताशी हवी. शेजारच्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्या मावशींनाही थोडी कल्पना द्या, नाहीतर घाबरून तेच फोन करतात.

राहता राहिला दादा. तो वाईट बोलत नाहीये, लांब असतो, रोज आईचा दम बघत नाही, आणि लांबच्या मुलाला पैसे देणं एवढंच हातात असल्यासारखं वाटतं, म्हणून तो सगळं करा म्हणतो. त्याला व्हॉट्सॲपवर मोठे मेसेज टाकून पटवू नका, माझं हे उत्तरही फॉरवर्ड करू नका, तुम्ही आणि वहिनीने मिळून त्याच्याविरुद्ध वकील आणला असं वाटेल त्याला. त्याला दोन दिवस काढून कराडला बोलवा. डॉक्टरांकडे जायची अपॉइंटमेंट तेव्हाच घ्या, आणि त्या दिवशी पोर्टेबल सिलेंडर घेऊन, व्हीलचेअरवर बसवून आईलाही केबिनमध्ये घेऊन जा, डॉक्टर नको म्हणाले तरी. त्याच्या आदल्या दिवशी मात्र दादाला आणि आईला थोडा वेळ दोघांनाच बसू द्या, तुम्ही वहिनीला घेऊन मंडईत जाऊन या.